कोरी करकरीत

पैसा खेळता असावा, असं आपल्याकडे सांगतात. जुन्या नोटांच्या बाजारात हे वाक्य चुकूनही बोलू नये, लोक दुखावतात. तिथे सगळा मान आहे तो घरकोंबड्या नोटेला. जी छापखान्यातून निघाली आणि पुढे कुठेच गेली नाही, जिच्या बदल्यात कोणी रॉकेल आणलं नाही, शाळेची फी भरली नाही, तलाठ्याचं चहापाणी केलं नाही, अशी जन्मभर कसलंच काम न केलेली नोट आली की दुकानदार खुर्चीवरून उठतो. आणि जी बिचारी वर्षानुवर्षं राबली, मासळीबाजारात भिजली, एसटीच्या कंडक्टरच्या बोटांत उभी चिमटली गेली, तिला तो पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकून म्हणतो, "यातली कुठलीही उचला, पन्नास रुपये."

या निरुद्योगी नोटेला बाजारात 'यूएनसी' म्हणतात, म्हणजे चलनात न आलेली. तिच्या खाली एयूएनसी, मग एक्सएफ, व्हीएफ, फाइन, व्हेरी गुड, गुड, अशी उतरंड आहे. नवशिक्याने या उतरंडीच्या खालच्या पायऱ्यांपासून सांभाळून असावं. घरबसल्या फोनवर 'व्हेरी गुड' नोट मागवली की पाकिटातून जे निघतं त्याचे कोपरे झिजून गोल झालेले असतात, घड्यांवर चिरा असतात आणि रंगावरून ही नोट आहे की चहा गाळायचं फडकं, हे ठरवायला थोडा वेळ लागतो. 'गुड' मागवली तर नोट ओळखू येते, यावर समाधान मानायचं. इतक्या सभ्य भाषेत इतकी वाईट बातमी सांगणारं दुसरं शास्त्र माझ्या पाहण्यात नाही.

पुण्या-मुंबईत अधूनमधून नाण्या-नोटांची प्रदर्शनं भरतात, तिथे एकदा जाऊन यावं. एरवी लग्नकार्यात वापरला जाणारा हॉल, ओळीने मांडलेली टेबलं, टेबलांवर जाड अल्बम आणि त्यांच्यावर ओणवे झालेले पुरुष. बायका फार थोड्या. ज्या असतात त्या दाराजवळच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या असतात आणि दर पंधरा मिनिटांनी "झालं का?" एवढंच विचारतात. पुरुषांच्या गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग असतं. कमरेच्या पाऊचमध्ये बोटाएवढी बॅटरी. नोट बघायची म्हणजे काय बघायची, हे इथे कळतं. समोरून नोट कोणीच बघत नाही. समोरून बघून राजाचा चेहरा दिसतो आणि राजाच्या चेहऱ्याशी कोणाला काही देणंघेणं नसतं. नोट दोन कडांनी अलगद धरायची, डोळ्यांच्या रेषेत आडवी आणायची आणि ट्यूबलाइटच्या उजेडात जरा कलती करायची. मग जिथे कागद कधीकाळी वाकला असेल तिथे एक केसाएवढी रेघ चमकते. ती घडी. सगळा व्यवहार त्या घडीवर.

साडीची किंमत आपण ती घडीत असेपर्यंत धरतो आणि घडी मोडली की ती नेसलेली. नोटेचं उलटं: ती जन्मते सपाट आणि घडी पडली की संसाराला लागली. त्या एका घडीने नोटेचा भाव निम्म्यावर येऊ शकतो. आंतरराष्ट्रीय बँकनोट सोसायटी नावाची एक संस्था आहे, तिने प्रत ठरवण्याचे नियम करून ठेवलेत. त्यात एयूएनसीबद्दल म्हटलंय की कोपऱ्याला मोजणीची बारीकशी दुमड चालेल, किंवा मधोमध एक हलकी घडी चालेल. पण दोन्ही नाही. एक्सएफला तीन हलक्या घड्या माफ, किंवा एक जोरकस. नियम वाचताना अगदी सोपे वाटतात. भांडण सुरू होतं ते 'हलकी' कोणाला म्हणायचं यावरून.

"एक्सएफ आहे साहेब. डोळे झाकून घ्या."

"डोळे उघडेच ठेवतो. ही मधली घडी?"

"घडी कुठाय? बंडल मोजताना वाकली असेल जराशी."

"आणि ही दुसरी?"

"ती कागदातच आहे. त्या वर्षीचा कागदच तसा होता."

कागदावर, त्या वर्षावर, छापखान्यावर, पावसाळ्यावर दोष जातो. नोटेवर म्हणून येत नाही. अडलंच तर प्रतीला शेपूट जोडतात. एक्सएफ प्लस. एयूएनसी मायनस. एकाने मला 'जवळजवळ एयूएनसी' अशी नोट दाखवली होती. एयूएनसी म्हणजेच जवळजवळ यूएनसी. तेव्हा ही जवळजवळच्या जवळपास कुठेतरी असणार. पण हाच विक्रेता दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर स्वतः खरेदीला बसला की बघावा. समोर कोणी रिटायर्ड काका वडिलांच्या ट्रंकेत सापडलेली नोट घेऊन आलेले असतात. विक्रेता चष्मा बदलतो. मी खरंच सांगतो, चष्मा बदलतो. "काका, ही व्हीएफसुद्धा बसत नाही हो. घडी बघा ना घडी! आणि हे काय, पिनचं भोक? हे पाहिलंत तुम्ही?" सकाळी जी नजर हत्तीला मुंगी म्हणत होती, ती आता मुंगीचे पाय मोजते. काका खजील होऊन स्वतःच्याच नोटेकडे अशा नजरेने बघू लागतात की जणू तिने घराण्याचं नाव घालवलं.

पिनच्या भोकांचा विषय निघालाच आहे तर त्यात काकांचा काडीचाही दोष नाही. आपल्या बँकांनी पिढ्यान्‌पिढ्या नोटांची पुडकी पिना मारून बांधली. नुसत्या नाही, अशा की पुडकं फोडताना रोखपालाने दोन्ही हात आणि दात वापरावेत. शेवटी २००१ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना हुकूम काढून सांगितलं की नोटांना पिना मारणं बंद करा. त्याच्या आधीची आपली बहुतेक नोट, कितीही कोरी असो, डाव्या अंगाला दोन भोकं घेऊनच जन्माला आली. परदेशी संग्राहकांना सुरुवातीला हे खरं वाटत नसे. मग त्यांनीही मान्य केलं की या देशाच्या यूएनसीला कान टोचलेले असायचेच. म्हणजे बँकेने पाडलेलं भोक क्षम्य आणि घरी पडलेलं अक्षम्य. पिनेचा गंज कागदावर उतरला असेल तर मात्र क्षमा संपते. आणि जॉर्ज राजाच्या काळची बिनभोकाची नोट समोर आली की चांगले वयस्क गृहस्थ आवाज खाली आणून बोलायला लागतात.

आमच्या घराण्यातल्या नोटा कुठल्याही प्रतीत बसणार नाहीत. आत्याकडे पैसे ठेवायच्या तीन जागा होत्या: कनवट, बटवा आणि तुरीच्या डाळीचा डबा. कनवटीला लावायची नोट आठ घड्यांची. बटव्यातली चार घड्यांची, वर सुपारीचा रंग. डब्यातली नोट तुलनेने सुखात, पण तिला डाळीला चोळलेल्या एरंडेलाचा हात लागलेला. शिवाय लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडलेल्या नव्याकोऱ्या नोटेला बोटभर हळद आणि बोटभर कुंकू. भाऊबीजेच्या तबकात निरांजनाशेजारी ठेवल्यामुळे कडेला तूप. नोटेवर या घराने जितकी भक्ती केली तितकीच तिची किंमत उतरत गेली. लक्ष्मीचा मान राखावा तर लक्ष्मी जाते, अशी पंचाईत आहे. आत्याला हे मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "कुंकवाने किंमत कमी होणारा कसला रे तुझा बाजार?"

याहून भयंकर वर्ग आहे तो जपणाऱ्यांचा. मेहुण्यांच्या शेजारी एक सद्गृहस्थ आहेत. त्यांनी सहाव्या जॉर्जच्या नोटा चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणल्या. रेशनकार्डाशेजारी त्या आता कायमच्या सुरक्षित आहेत: घाम नाही, वाळवी नाही, गिऱ्हाईक नाही. फाटलेल्या नोटेला चिकटपट्टी लावणारे दुसरे. ती पट्टी दहा वर्षांत पिवळी पडते आणि कागद खाते. साध्या प्लास्टिकच्या अल्बमचंही तेच. पीव्हीसी सुटत जातं, नोट चिकट होते. अमक्याने नोटेची वाट लावली, असं आपण सहज म्हणतो. खरं तर वाट लावण्याइतकी चिकाटी प्रेमाशिवाय येत नाही.

पूर्वजांनी तर याहून पुढे जाऊन नोटा कापल्या. एकोणिसाव्या शतकात सरकारी नोटा निघू लागल्यावर मोठी रक्कम टपालाने पाठवायची झाली की लोक नोटेचे कात्रीने दोन तुकडे करायचे. अर्धा आज टाकायचा. तो पोचल्याचं पत्र आलं की उरलेला अर्धा. वाटेत चोरी झालीच तर चोराच्या हाती अर्धी राणी. म्हणून व्हिक्टोरियाच्या आणि त्यानंतरच्या काही नोटा आज मागून पट्टी लावून सांधलेल्या मिळतात आणि दोन्ही अर्ध्यांवरचा नंबर जुळतो का ते आधी बघायचं असतं. प्रत म्हणून ही नोट तळाला, पण मला ती फार आवडते. टपालखात्यावरचा एवढा विश्वास आणि एवढा अविश्वास एकाच कागदावर दुसरीकडे कुठे बघायला मिळेल?

जिथे कोरेपणाला भाव आहे तिथे कोरेपणाचे कारखाने निघणारच. घडी घालवण्यासाठी नोट किंचित ओलसर करून इस्त्री मारतात, किंवा जाड पुस्तकाखाली आठवडाभर दाबून ठेवतात. भोकं खळीने आणि कागदाच्या लगद्याने बुजवतात. मऊ पडलेल्या नोटेला स्टार्च करून पुन्हा कडक करतात. कडा झिजल्या असतील तर पट्टी ठेवून ब्लेडने सरळ कापून काढतात, म्हणून बुजुर्ग खिशात मोजपट्टी बाळगतात आणि कॅटलॉगमधल्या मापाशी नोट ताडून बघतात. धुलाई पकडायची युक्ती त्याहून मजेची आहे. नोटेचा कागद कापसाच्या धाग्यांचा; जांभळ्या दिव्याखाली तो मंद, काळपट राहतो. कपडे शुभ्र करणाऱ्या पावडरीत मात्र त्याच दिव्याखाली उजळणारं द्रव्य असतं. तेव्हा नोट जर गणपतीच्या मखरासारखी झगमगली, तर ती बादलीत बसून आलेली आहे. अनुभवी लोक दिव्याआधी नाक लावतात. जुन्या नोटेला जुन्या पुस्तकाचा वास यायला हवा. लिंबाचा आला की समजावं.

आणि इस्त्रीने काय जातं हे एकदा बोटांना कळलं की मग फसणं कठीण. छापताना शाईचा उठाव कागदावर येतो, कोऱ्या नोटेवरून नख फिरवलं तर तो खरखरीत लागतो. इस्त्री घडीबरोबर तो उठावही झोपवते. नोट दिसायला गुळगुळीत आणि हाताला निष्प्राण. कडक नोट आणि कडक केलेली नोट यातला फरक सांगता येत नाही, पण सांगणारे पन्नास जण भेटतात आणि प्रत्येक जण तुमच्याच नोटेवर तो करून दाखवायला हात पुढे करतो.

या सगळ्या वादाचा निकाल लावायला शेवटी आकडे आले. एक ते सत्तर गुणांची एक मोजपट्टी आहे. ती मुळात नोटांसाठी नव्हतीच. विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली जुन्या अमेरिकी सेंटच्या नाण्यांसाठी ती काढली. एक गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट किंमत सत्तर गुणांच्या नाण्याला, असा त्याचा हिशोब. या शेल्डनला वर्गवारीची भारी हौस. माणसांचीही त्याने शरीरयष्टीवरून वर्गवारी केली होती. लठ्ठ माणूस स्वभावाने असा, काटकुळा तसा, वगैरे. त्याच्या पश्चात उघडकीला आलं ते असं की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली उत्तम नाणी त्याने लांबवली होती आणि त्यांच्या जागी त्याच जातीची हलक्या प्रतीची नाणी ठेवून दिली होती. सत्तर गुणांची पट्टी प्रत्यक्षात कशी चालते, हे याहून चांगलं कोणी दाखवलेलं नाही. पट्टी मात्र टिकली. आज जगभर नोटांनाही तीच लावतात.

आता संग्राहक नोट घेऊन अमेरिकेतल्या फ्लोरिडात पाठवतात. तिथे पीएमजी नावाची कंपनी आहे. ती नोट तपासते, गुण देते आणि नोट प्लास्टिकच्या कडक पाकिटात कायमची बंद करून वर चिठ्ठी लावून परत करते. पासष्टच्या वर गुण पडले तर घरात पेढे. म्हणजे नाशिकरोडला छापलेली नोट विमानाने फ्लोरिडाला जाऊन येते आणि ही नोट कधीच कुठे गेलेली नाही, असा दाखला बरोबर घेऊन येते. यात कोणालाच काही खटकत नाही. पाकिटबंद नोटेला हात लावता येत नाही, वास घेता येत नाही, उजेडात वाकवून बघता येत नाही. त्यामुळे भिंग आणि बॅटरी बाळगणाऱ्या जुन्या मंडळींचं सगळं शिक्षण वाया गेलं. नवे लोक नोट बघतच नाहीत, चिठ्ठी वाचतात. वाचता येणं वाईट नाही, पण मला या पाकिटांच्या दुकानात शिरलं की औषधाच्या दुकानात शिरल्यासारखं होतं. घासाघीससुद्धा नाही. अठ्ठावन्न गुणांच्या नोटेशी कोण हुज्जत घालणार?

प्रतीपलीकडेही बघायच्या गोष्टी असतात आणि खरी लज्जत तिथे आहे. नोट कोरी असून उपयोग काय, सही कोणाची ते बघा. रिझर्व्ह बँक १९३५ साली सुरू झाली, पण तिच्या स्वतःच्या नोटा यायला १९३८ उजाडलं. तोवर पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ घरी गेलेले. त्यांची सही एकाही नोटेवर नाही. मग जेम्स टेलर, मग आपले चिंतामणराव देशमुख. सहाव्या जॉर्जच्या तोंडाखाली कोकणातल्या देशमुखांची सही, हे बघून काही मराठी संग्राहक प्रत विचारायचं विसरतात आणि चाणाक्ष विक्रेता तेवढाच भाव चढवतो. आंबेगावकरांची कथा आणखी न्यारी. १९५७ साली ते दीड महिना गव्हर्नर होते आणि त्या दीड महिन्यात त्यांच्या सहीची एकही नोट निघाली नाही. पण त्याआधी वित्त सचिव असताना एक रुपयाच्या नोटेवर त्यांची सही आली होती, कारण एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नसते, भारत सरकारची असते आणि तिच्यावर सचिव सही करतो. आडारकरही १९७० साली जेमतेम सहा आठवडेच गव्हर्नर होते, पण तेवढ्यात त्यांची सही गांधी जन्मशताब्दीच्या नोटांवर लागली. सेवाग्रामच्या आश्रमासमोर बसलेले गांधीजी आणि सही आडारकरांची: ही जोडी दिसली की संग्राहक इकडेतिकडे बघून आवाज न करता अल्बमचं पान उलटतो, म्हणजे विक्रेत्याला आपली गरज कळू नये. विक्रेत्याला ती पान उलटण्यावरूनच कळते.

अडीच रुपयांची नोट बघितलीय? पहिल्या महायुद्धात चांदी महाग झाली, रुपयाचं नाणं पाडणं परवडेना, तेव्हा सरकारने पंचम जॉर्जची एक रुपयाची नोट काढली. ३० नोव्हेंबर १९१७ ला ती आली. पंचवीस नोटांचं पुस्तक मिळायचं आणि चेकसारखी एकेक फाडून द्यायची. त्यामुळे डाव्या कडेला दातेरी फाडणीची खूण असली तर भाव वर. तिच्या मागोमाग दोन रुपये आठ आण्यांची नोट आली. ती कोणाच्या डोक्यातून निघाली असेल कोण जाणे, पण अडीचकी पाठ असलेल्या मराठी माणसाला तिच्याशी व्यवहार करताना अडचण पडली नसणार. १९२६ च्या जानेवारीपासून दोन्ही बंद झाल्या. एक रुपयाची पुढे १९४० साली परतली. अडीच रुपयांची नाही आली ती नाहीच. आज ती नुसती 'गुड' असली तरी विकणारा तिला दोन हातांनी उचलतो.

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत निजामाच्या उस्मानिया नोटा निघतात. त्यांच्यावर उर्दू, इंग्रजी, तेलुगू, कानडीबरोबर आपलं मराठीही आहे. गोव्यात पोर्तुगिजांच्या नोटा निघतात. तिथे १९५९ साली रुपया काढून एस्कुदो आणला. सहा एस्कुदोंचा एक रुपिया. नोटेवर दाढीवाला अल्बुकर्क. तीन वर्षांच्या आत राज्यच गेलं, त्यामुळे त्या नोटांना झिजायला पुरेसा वेळ मिळाला नाही आणि त्या पुष्कळदा चांगल्या प्रतीत सापडतात. साम्राज्य लवकर बुडालं की नोटा चांगल्या राहतात, हे इतिहासाच्या पुस्तकात नसतं. मुंबईहून हजला जाणाऱ्यांसाठी रिझर्व्ह बँकेने १९५९ साली दहाच्या आणि शंभरच्या 'हज' असं छापलेल्या वेगळ्या नोटा काढल्या होत्या. त्या सौदीत खर्च करण्यासाठीच होत्या आणि यात्रेकरूंनी त्या केल्याही. त्यामुळे आज ती नोट मिळाली तर प्रत कुठलीही असो, आधी खुर्ची घेऊन बसायचं.

या सगळ्या विद्येचा घरात काडीइतका उपयोग होत नाही. नातेवाइकांना एकच नोट माहीत असते: पाच रुपयांची, मागे ट्रॅक्टर असलेली. वर्षातून एकदा तरी फोन येतो, "अरे, ट्रॅक्टरवाली आहे आपल्याकडे. लाखात जाते म्हणे." मोबाइलवर जाहिरात आलेली असते. आधी नोंदणीची फी भरा, मग पैसे खात्यावर. ही फसवणूक इतकी माजली की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावं लागलं की आमच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांचे सौदे करणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, आम्ही असलं काही करत नाही. ट्रॅक्टरच्या नोटा रिझर्व्ह बँकेने अमाप काढल्या. कोरी असली तरी तिला फारसं काही मिळत नाही. हे सांगितलं की समोरचा माझ्यावरच संशय घेतो. "बरं बरं," म्हणतो, म्हणजे हा आपल्याकडून स्वस्तात लाटायला बघतोय. एका मावसभावाने तर नोट दाखवायलाही नकार दिला. फोनवरूनच किंमत सांग म्हणाला. विचारलं, घडी आहे का? म्हणाला, घडीबिडी काही नाही, फक्त दोन तुकडे आहेत.

समुद्राच्या तळाशी राहिलेल्या नोटांबद्दल मात्र मी नातेवाइकांनाही आवडीने सांगतो. १९२२ साली 'इजिप्त' नावाचं जहाज धुक्यात दुसऱ्या जहाजाशी टकरून फ्रान्सच्या किनाऱ्यापाशी बुडालं. त्याच्यावर सोन्याबरोबर हैदराबाद संस्थानच्या सही न झालेल्या नोटाही होत्या. दहा वर्षांनी पाणबुड्यांनी सोनं वर काढलं, त्याबरोबर नोटाही आल्या. त्यांच्यावर ही हकिकत छापून त्या आठवण म्हणून विकल्या गेल्या. आज भिजलेली, फिकटलेली ती नोट संग्राहक हौसेने घेतात. आमच्या आत्याच्या डब्यात भिजलेलीला कोणी विचारत नाही.

त्याहून भारी 'शिराला'ची गोष्ट. २ जुलै १९१८ ला लंडनहून मुंबईला निघालेलं हे जहाज जर्मन पाणबुडीने इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच बुडवलं. आत दारूगोळ्यापासून मार्मलेडपर्यंत सगळं होतं आणि नोटांचे गठ्ठे होते. पाच आणि दहा रुपयांच्या नोटा बिनसहीच्या, एक रुपयाच्या सहीसकट. पुष्कळ नोटा लाटांबरोबर काठाला लागल्या. सरकारने मिळाल्या तेवढ्या गोळा करून नष्ट केल्या आणि नव्या छापल्या. तरी थोड्या लोकांच्या घरी राहिल्याच. त्यातल्या दहा रुपयांच्या दोन नोटा २०२४ साली लंडनला लिलावात आल्या. आणि प्रत? उत्तम. गठ्ठ्याच्या ऐन मधोमध असल्यामुळे खारं पाणी त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

परवा आत्याला हे सगळं सविस्तर सांगितलं. पाणबुडी, टॉर्पेडो, महायुद्ध, लाटांवर तरंगणारे रुपये. मार्मलेड म्हणजे संत्र्याचा मुरंबा, हेही सांगितलं. ती डाळ निवडत ऐकत होती. माझं सांगून झाल्यावर तिने ताट खाली ठेवलं.

"मुरंबा शेजारी होता," ती म्हणाली, "आणि नोटांना मुंग्या नाही लागल्या?"